धंद्याची गाडी बिघडली: कंपनीत टाकायची की आपल्या फिटरकडे?



परवाच्या व्हिडिओत गाडीच्या खर्चाचा विषय मी पाच मिनिटांत उरकला, ते मला स्वतःलाच पटलं नाही. कारण आपल्यापैकी बऱ्याच जणांची धंद्यातली सगळ्यात महाग वस्तू म्हणजे गाडीच असते. दुकान भाड्याचं, मशीन सेकंडहँड, पण टेम्पो मात्र हप्त्यावर घेतलेला नवाकोरा. म्हणून आज जरा सविस्तर लिहितो.

आसनगावच्या एका बॅचमध्ये किन्हवलीकडचे एक दादा आले होते. भेंडी, काकडी, सीझनला मोगरा, असा चारपाच शेतकऱ्यांचा माल एकत्र करून कल्याणच्या बाजार समितीत पोचवायचं काम. छोटा डिझेल पिकअप, चार वर्षं झालेली, हप्ते थोडेच उरलेले. एका पहाटे वासिंदच्या पुढे गाडीने दम सोडला. डॅशबोर्डवर इंजिनची पिवळी लाइट लागली, ॲक्सिलरेटर दाबला तरी गाडी चाळीसच्या वर जाईना. मागे भाजी, पुढे बाजाराची वेळ. दादांनी फोन उचलला आणि तिथेच थांबले. कोणाला लावायचा? आपल्या फिटरला, की कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला?

हा प्रश्न गाडी बंद पडल्यावर सोडवायचा नसतो हो. तेव्हा डोकं चालत नाही. तो आज, चहा पिता पिता सोडवायचा.

आधी हे बघा, गाडी उभी राहिली की किती जातं

बहुतेक जण दोन बिलं समोरासमोर ठेवतात. कंपनी म्हणते साडेनऊ हजार, फिटर म्हणतो सहा हजार आठशे, म्हणजे फिटर स्वस्त. हा हिशोब घरच्या गाडीचा झाला. धंद्याच्या गाडीला तिसरा आकडा असतो, खोळंब्याचा.

समजा तुमची गाडी बंद असताना माल थांबू शकत नाही, म्हणून तुम्ही भाड्याचा टेम्पो लावता. दिवसाला २,८०० रुपये, डिझेल-ड्रायव्हरसकट. तुमच्या स्वतःच्या गाडीला दिवसाचं डिझेल ९०० लागलं असतं. तुमचा ड्रायव्हर महिन्याच्या पगारावर आहे, तो बसून असला तरी पगार चालू. म्हणजे गाडी उभी असलेल्या प्रत्येक दिवसाचा जादा खर्च १,९०० रुपये. आता कंपनीत गाडी तीन दिवस राहिली तर साडेनऊ हजारांत ५,७०० मिळवा, झाले १५,२००. फिटरने एका दिवसात दिली तर ६,८०० अधिक १,९००, म्हणजे ८,७००. बिलांत फरक होता २,७०० चा, प्रत्यक्षात निघाला साडेसहा हजारांचा.

लगेच फिटरकडे पळू नका. हाच हिशोब उलटाही फिरतो. फिटरला दुखणं सापडलं नाही, आज हा पार्ट बदल, परवा तो बदल, असं करत चार दिवस गेले, तर ७,६०० रुपये नुसते खोळंब्याचे. आणि बदललेल्या पार्टचे पैसे वेगळे, दुखणं आहे तिथेच.

तुमचा स्वतःचा हा आकडा काढा. दूधवाल्याचा वेगळा येईल, मंडप-डेकोरेशनवाल्याचा वेगळा. लग्नसराईत डेकोरेटरची गाडी एक दिवस उभी राहिली तर नुसतं भाडं जात नाही, पार्टीच जाते. स्कूल व्हॅनवाल्याला तर तो दिवस भरूनच काढता येत नाही, पालक दुसऱ्याच दिवशी दुसरी व्हॅन बघतात. हा आकडा हातात नसेल तर "कंपनी महाग, फिटर स्वस्त" ही नुसती गप्पा आहे.

आपल्याकडे याला अंतराची भर पडते. रेल्वेने आसनगाव ते कल्याण ३२ किलोमीटर, रस्त्याने तेवढंच किंवा थोडं जास्त. तुमच्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर कल्याण-भिवंडी पट्ट्यात असेल तर गाडी सोडायला एक माणूस, परत यायला लोकल, आणायला पुन्हा लोकल. गाडी चालूच होत नसेल तर टोचनचे पैसे. ठाण्यातल्या माणसाला कंपनी जवळ असते, डोळखांबच्या माणसाला नसते. म्हणून शहरातले सल्ले जसेच्या तसे आपल्याकडे लागू करू नका.

"बाहेर हात लावला तर वॉरंटी गेली"

हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. यामागे एक मोठी गोष्ट आहे, ती उद्योजकाने माहीत करून घ्यावी अशी आहे.

जानेवारी २०११ मध्ये शमशेर कटारिया नावाच्या एका ग्राहकाने भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली. सुरुवातीला तीन कार कंपन्यांविरुद्ध. म्हणणं साधं होतं, की या कंपन्या अस्सल सुटे भाग आणि दुरुस्तीची यंत्रं, सॉफ्टवेअर खुल्या बाजारात मिळू देत नाहीत, त्यामुळे स्वतंत्र गॅरेजवाला हातपाय बांधल्यासारखा होतो आणि ग्राहकाला त्यांच्याच डीलरकडे जावं लागतं. चौकशी वाढत गेली आणि देशातल्या जवळपास सगळ्याच कार कंपन्यांपर्यंत पोचली. २५ ऑगस्ट २०१४ रोजी आयोगाने १४ कंपन्यांना मिळून २,५४४.६५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. मारुती, टाटा, महिंद्रा, होंडा, टोयोटा, फोर्ड, सगळी मोठी नावं त्यात होती.

दंडापेक्षा आपल्या कामाचे आहेत ते आयोगाचे आदेश. सुटे भाग आणि दोष शोधण्याची साधनं बाहेरच्या गॅरेजनाही मिळाली पाहिजेत. भागांच्या किमती लोकांना दिसल्या पाहिजेत. आणि बाहेरच्या गॅरेजमध्ये काम केलं एवढ्याच कारणावरून सरसकट वॉरंटी रद्द करू नये.

प्रकरण अर्थातच अपिलात गेलं. डिसेंबर २०१६ मध्ये अपील न्यायाधिकरणाने तीन कंपन्यांबाबत मूळ निष्कर्ष कायम ठेवला, पण दंड पूर्ण उलाढालीवर न मोजता सुट्या भागांच्या धंद्यावर मोजायला सांगितला. बाकीच्यांची कोर्टकचेरी पुढे चालू राहिली. अमेरिकेत असाच नियम १९७५ पासून कायद्यात आहे. वॉरंटी देताना ग्राहकाला ठरावीक ब्रँडचा पार्ट किंवा ठरावीक दुकान बांधून घालता येत नाही. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये "राइट टू रिपेअर" पोर्टल सुरू केलं, त्यातही वाहनं आहेत.

आता व्यवहाराचं बोलतो. "सरसकट रद्द करू नये" आणि "काहीही केलं तरी वॉरंटी राहील" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बाहेरच्या चुकीच्या कामामुळे बिघाड झाला असं कंपनी दाखवू शकली तर त्या बिघाडापुरती ती हात वर करेल, आणि ते रास्तही आहे. सगळ्यात जास्त भांडणं कशावरून होतात माहितीये? वायरिंगवरून. गाडी घेतली की पहिल्या रविवारी आपण मोठा हॉर्न, जादा लाइट, म्युझिक सिस्टम बसवतो, आणि बसवणारा मूळ वायर कापून जोड देतो. सहा महिन्यांनी सेन्सर बोंबलला की कंपनीवाला बोनेट उघडतो, ती काळी चिकटपट्टी बघतो आणि विषय संपतो. बसवायचंच असेल तर वायर न कापता कपलरने जोडून घ्या.

माझं मत सरळ आहे. वॉरंटी आहे तोवर ठरलेल्या सर्व्हिस कंपनीतच करा, वेळेवर, आणि पुस्तिकेत शिक्का घ्या. फुकट सर्व्हिसला लेबर फुकट असतं, ऑइल-फिल्टरचे पैसे पडतात, हे लक्षात ठेवा, नाहीतर बिल बघून चिडाल. टायर, बॅटरी, पंक्चर, वॉशिंग हे बाहेर करायला कोणाची हरकत नसते. टायर आणि बॅटरीची वॉरंटी तशीही ज्याने ती बनवली त्या कंपनीची असते.

आणि कंपनीत टाकताना जॉब कार्डवर नीट बघा. तुम्ही सांगितलेली तक्रार तुमच्या शब्दांत लिहिली आहे का? किलोमीटर बरोबर आहेत का? इंजिन फ्लशिंग, अंडरबॉडी कोटिंग, एसी डिसइन्फेक्शन, टेफ्लॉन, असली कामं हळूच घुसली आहेत का? यातली काही कामं कधीतरी उपयोगी असतात, आपल्याकडच्या पावसात अंडरबॉडी कोटिंगला अर्थही आहे. पण ती कंपनीच्या सर्व्हिस चार्टमध्ये आहेत का, एवढा एक प्रश्न सर्व्हिस ॲडव्हायजरला विचारा. त्या पोराला महिन्याचं टार्गेट असतं. त्याच्यावर रागावू नका, फक्त "नको" म्हणा. तुम्हीही उद्या दुकानात बिलाबरोबर दुसरी वस्तू विकणारच आहात.

वॉरंटी संपली, आता?

इथून खरी निवड सुरू होते. मी कामाच्या जातीप्रमाणे विभागणी करतो.

ऑइल-फिल्टर, ब्रेक लायनर, क्लच प्लेट, सस्पेन्शन, व्हील बेअरिंग, सेल्फ, डायनामो, रेडिएटर, पासिंगआधीची तयारी, ही कामं चांगला फिटर कंपनीइतकीच करतो, कधी जास्त चांगली. कारण कसारा घाटात माल भरून चढणाऱ्या गाडीचा क्लच कसा जळतो हे आसनगाव-शहापूरच्या फिटरने शंभर वेळा पाहिलेलं असतं. पासिंगचं म्हणाल तर मालवाहू गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी फिटनेस लागतो. त्यासाठी कंपनीत गाडी टाकणारा मी तरी पाहिला नाही.

दुसरी बाजू इलेक्ट्रॉनिक्सची. १ एप्रिल २०२० पासून नव्या गाड्या बीएस-६ झाल्या. धूर साफ करण्यासाठी डिझेल गाडीच्या एक्झॉस्टपासून इंजेक्टरपर्यंत सेन्सरचं जाळं आलं. एक सेन्सर चुकीचं बोलला की गाडीचा कंप्युटर इंजिन वाचवण्यासाठी ताकद कापतो. दादांच्या गाडीचं तेच झालं होतं. अशा वेळी आवाज ऐकून, धूर बघून दुखणं ओळखणारे जुने उस्तादही अडतात. तिथे स्कॅनर लागतो, आणि स्कॅनरने दाखवलेल्या कोडचा अर्थ लावणारा माणूस लागतो. नुसता स्कॅनर असून भागत नाही. कोड म्हणतो "हवेचा दाब कमी", म्हणजे टर्बो गेला असं नाही. टर्बो असेल, सेन्सर असेल, पाइप असेल.

सीएनजीच्या कामात स्वस्ताई नको. सिलिंडरची तपासणी दर तीन वर्षांनी अधिकृत ठिकाणीच होते, त्याचं सर्टिफिकेट गाडीत ठेवा. इलेक्ट्रिक टेम्पोच्या बॅटरीला तर अनोळखी हात लावूच देऊ नका. एअरबॅगचंही तसंच.

पार्टबद्दल थोडं जास्त बोलायला हवं, कारण पैसे इथेच जातात आणि इथेच वाचतात. गाडी कंपनी सगळे पार्ट स्वतः बनवत नाही. फिल्टर, इंजेक्टर बॉशचे असतात, लाइट लुमॅक्सचे, शॉक ॲब्सॉर्बर गॅब्रिएलचे, अशा कंपन्या गाडी बनवणाऱ्यांना माल पुरवतात आणि त्याच जातीचा माल स्वतःच्या डब्यात बाजारातही विकतात. तुमच्या गाडीत मूळचा कोणाचा पार्ट आहे ते त्याच्यावर बहुतेक वेळा कोरलेलं असतं. तो पार्ट त्याच कंपनीच्या डब्यात घेतला तर गाडी कंपनीच्या डब्यापेक्षा बरेचदा स्वस्त पडतो. याच्या खाली येतो तो "लोकल", आणि त्याच्याही खाली "डुप्लिकेट", म्हणजे अस्सल कंपनीच्या नावाचा खोटा डबा. लोकल घेणं हा तुमचा निर्णय असू शकतो, डुप्लिकेट म्हणजे सरळ फसवणूक आहे. डबा फोडताना समोर उभे राहा, होलोग्राम-पार्ट नंबर बघा, आणि जुना पार्ट परत मागा. जुना पार्ट मागणाऱ्या गिऱ्हाइकाची गाडी फिटर नीट करतो, हे मी खात्रीने सांगतो.

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून सेकंडहँड माल आणणारेही आहेत. दरवाजा, काच, आरसा, सीट यासाठी चालेल. ब्रेक आणि स्टिअरिंगचं काहीही तिथून नको. तुमच्या गाडीत तुमचाच ड्रायव्हर बसतो.

बिल नको म्हणून दोनशे वाचवता आणि गमावता किती?

"शेठ, बिल पाहिजे तर जीएसटी लागेल." हे ऐकलं की आपण पटकन म्हणतो, राहू दे. थांबा.

२२ सप्टेंबर २०२५ पासून गाडीच्या सुट्या भागांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. लेबरवर १८ टक्के आधीपासून होताच. तुमचा धंदा जीएसटीत नोंदलेला असेल, कंपोझिशनमध्ये नसेल, आणि गाडी मालवाहू असेल, तर हा १८ टक्के तुम्हाला इनपुट क्रेडिट म्हणून मिळू शकतो. १०,००० च्या कामावर १,८०० रुपये. म्हणजे बिलासकटचं काम तुम्हाला १०,००० लाच पडलं. बिलाशिवाय फिटरने ९,५०० सांगितले तर वाचले फक्त पाचशे, आणि हातात पुरावा शून्य. गाडी प्रवासी प्रकारातली असेल, ड्रायव्हर धरून १३ सीटपर्यंत, तर मात्र हे क्रेडिट साधारणपणे मिळत नाही, तुमचा धंदाच प्रवासी वाहतुकीचा असला तर गोष्ट वेगळी. कागदावर गाडी कोणती आहे ते आरसी बुकात बघा. सीट काढून माल भरला म्हणून गाडी मालवाहू होत नाही. आपल्या केसमध्ये काय बसतं ते सीएला एकदा विचारून घ्या.

छोट्या फिटरकडे जीएसटी नंबरच नसतो, कारण त्याची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या आत असते. हा त्याचा गुन्हा नाही. मग तो जीएसटी लावणारही नाही आणि क्रेडिटचा प्रश्नही येत नाही. पण साधं बिल, तारीख, गाडी नंबर, किलोमीटर, पार्टचं नाव लिहून सही, एवढं तो देऊ शकतो. ते खर्चात धरता येतं. पार्ट तुम्ही स्वतः दुकानातून जीएसटी बिलावर घेतला आणि फिटरला फक्त लेबर दिलं तर दोन्ही साधतं. आणि एका दिवसात एकाच माणसाला १०,००० च्या वर रोख देऊ नका, तो खर्च इन्कम टॅक्समध्ये नाकारला जाऊ शकतो. यूपीआय करा.

बिलाचं अजून एक कारण म्हणजे भांडण. धंद्यासाठी वस्तू-सेवा घेणारा सर्वसाधारणपणे ग्राहक कायद्यात "ग्राहक" धरला जात नाही. पण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात एक खिडकी ठेवलेली आहे. स्वयंरोजगारातून स्वतःची उपजीविका करण्यासाठीच ती वस्तू किंवा सेवा घेतली असेल, तर तो ग्राहकच. एका टेम्पोवर घर चालवणारा माणूस या खिडकीतून आत येऊ शकतो. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा, नाही सुटली तर ठाण्याचा जिल्हा आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही, मुदत दोन वर्षांची. पण हातात जॉब कार्ड आणि बिल नसेल तर तिथे जाऊन बोलणार काय? हे सर्व्हिस सेंटरला जेवढं लागू तेवढंच फिटरलाही. फिटरशी मात्र भांडण आयोगापर्यंत जाऊ नये असं बघा, तुम्हाला त्याच गावात राहायचंय.

ठोकली तर गणित वेगळं

अपघाताच्या कामाला मी बहुतेक वेळा कंपनी किंवा विमा कंपनीच्या यादीतलं गॅरेज सुचवतो. कॅशलेस तिथेच होतं. आपल्या गॅरेजमध्ये करायचं असेल तर तेही जमतं, पण आधी पैसे तुम्ही भरायचे आणि मग विमा कंपनीकडून घ्यायचे. खोळंबलेल्या महिन्यात पन्नास हजार अडकवण्याची ताकद आहे का ते बघा. कुठेही करा, विमा कंपनीला कळवण्याआधी आणि सर्व्हेअरने बघण्याआधी पाना लावायचा नाही.

छोटा चरा-पोचा असेल तर क्लेमच करू नका. क्लेम नसलेल्या पहिल्या वर्षानंतर स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात २० टक्के सूट मिळते, वाढत वाढत पाच वर्षांत ५० टक्क्यांपर्यंत जाते. एका क्लेमने ती शून्यावर येते. शिवाय झीज न कापण्याचा रायडर नसेल तर प्लास्टिक-रबरच्या भागांचे निम्मेच पैसे मिळतात. तीन हजारांचा बंपर आपल्या पेंटरकडून करून घेतलेला परवडतो.

आणि पावसाळा. शहापूर-मुरबाडला जुलैत फरशीवरून पाणी जातं, हे तुम्हाला मी सांगायला नको. पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा सेल्फ मारू नका. इंजिनमध्ये पाणी ओढलं गेलं की कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि साध्या पॉलिसीत असलं इंजिनचं नुकसान सहसा बसत नाही, त्यासाठी वेगळं इंजिन कव्हर घ्यावं लागतं. टोचन करून न्या. इथे घाईचे दहा सेकंद इंजिनच्या किमतीला पडतात.

फिटर कसा निवडायचा

पाटी बघून नाही. त्याच्या दारात उभ्या असलेल्या गाड्या बघून. तुमच्याच मॉडेलच्या दोनतीन गाड्या दिसल्या तर आत जा. त्यांच्या मालकांशी बोला. पहिलं काम छोटं द्या, ऑइल बदलायचं, ब्रेक साफ करायचे. वेळ सांगितली ती पाळली का? काम सुरू करण्याआधी अंदाज सांगितला का, आणि अंदाज वाढला तेव्हा फोन केला का? मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती आणखी एक गोष्ट. "हे माझ्याकडून होणार नाही, अमक्याकडे न्या" असं म्हणण्याची त्याची तयारी आहे का? ज्या फिटरने मला कधीच नाही म्हटलं नाही, त्याने माझी गाडी दोनदा बिघडवली होती.

उधारी ठेवू नका. आपल्याकडे फिटरची उधारी थकवणं ही फुशारकी समजली जाते. पण पहाटे साडेचारला तुमचा फोन उचलायचा की नाही हे तो त्या उधारीवरूनच ठरवतो.

सर्व्हिस सेंटर आणि फिटर यांच्या मध्ये आता मल्टीब्रँड वर्कशॉपही आहेत, बॉशच्या नावाची, अशी. ॲपवाल्यांचा जोर मध्यंतरी खूप होता. त्यातल्या गोमेकॅनिकने जानेवारी २०२३ मध्ये हिशोबात चुकीचे आकडे दाखवल्याचं स्वतःच कबूल केलं, बहुतांश नोकरकपात झाली आणि कंपनी विकली गेली. गाडी ज्याच्या हातात जाणार तो माणूस तोच स्थानिक गॅरेजवाला असतो, ॲप फक्त पाटी असते. माणूस तपासा.

जाता जाता, या बॅचमध्ये आयटीआयचा मोटर मेकॅनिक कोर्स केलेली तीन मुलं होती. तिघांनाही कंपनीत नोकरी हवी होती. मी त्यांना एवढंच म्हटलं, नोकरी करा, दोनतीन वर्षं करा, पण डोळे उघडे ठेवून. जॉब कार्ड कसं लिहितात, एस्टिमेट कसं देतात, पार्टचा साठा कसा ठेवतात ते शिका. कंपनीची शिस्त आणि फिटरचा भाव एकत्र देणारं गॅरेज मुंबई-नाशिक हायवेच्या या पट्ट्यात चालणार नाही असं मला वाटत नाही. चांगला स्कॅनर, छापील बिलबुक आणि फोनला उत्तर देणारा माणूस, एवढ्यावर सुरुवात होते. मुद्रा किंवा पीएमईजीपीचं कर्ज कसं मागायचं यावर जुने व्हिडिओ आहेत, ते बघा.

आता किन्हवलीच्या दादांचं सांगतो. त्या पहाटे त्यांनी फिटरलाच फोन लावला. फिटर आला, डिझेल फिल्टर बदलला. गाडी चार दिवस बरी चालली, मग पुन्हा तेच. मग इंजेक्टर साफ केले. मग फिटर म्हणाला टर्बो गेलाय, मोठा खर्च आहे. तोपर्यंत अकरा हजार गेले होते आणि सहा दिवस भाड्याचा टेम्पो. शेवटी गाडी सर्व्हिस सेंटरला नेली. त्यांनी स्कॅन केलं, हवेचा दाब कमी दाखवत होता, आणि दीड तासात सापडलं, की टर्बोकडून येणाऱ्या पाइपला खालच्या बाजूने चीर गेली होती. पाइप आणि लेबर मिळून बिल चोवीसशे.

दादा चिडले होते. मला म्हणाले, "सर, आता फिटर बंद. सगळं कंपनीत." मी त्यांना मागच्या वर्षीची बिलं काढायला लावली. क्लचचं काम याच फिटरने कंपनीच्या एस्टिमेटपेक्षा बरंच कमी पैशांत, एका दिवसात केलं होतं, आणि ती प्लेट अजून चालू आहे. ब्रेकचं कधी दुसऱ्यांदा बघावं लागलं नाही. फिटर वाईट नव्हता. ते दुखणं त्याच्या हातातलं नव्हतं आणि त्याने ते वेळेत सांगितलं नाही, एवढंच.

आता त्यांच्या गाडीत डॅशबोर्डच्या कप्प्यात शंभर पानी वही आहे. तारीख, किलोमीटर, काय केलं, पार्ट किती, लेबर किती, गाडी किती दिवस उभी. पहिल्या पानावर दोन फोन नंबर आणि त्याखाली ड्रायव्हरसाठी मोठ्या अक्षरात दोन ओळी: पिवळी लाइट लागली तर कंपनी. बाकी सगळं फिटर. त्या फिटरनेही मध्यंतरी एक साधा स्कॅनर घेतलाय म्हणे. दादा म्हणाले, आणखी दोनतीन महिने बघतो, मग ती पहिली ओळ खोडायची की नाही ते ठरवू.